नसलेल्या सिनेमाविरुद्ध उपोषण

माझा सिनेमा अस्तित्वात नाही, असं मला एका वेबसाईटने अत्यंत सभ्य भाषेत कळवलं. जगातल्या यच्चयावत सिनेमांची नोंद ठेवणारी ती साईट. आधी तिने माझे आभार मानले, मग दिलगिरी व्यक्त केली आणि मग सांगितलं, की ‘चारी नंबर सात’ नावाचा सिनेमा निघाल्याचा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. खाली पुन्हा आभार. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. लोकांना नकार कळवणं हेच माझं आयुष्यभराचं काम. पण इतक्या गोड शब्दांत मी कुणाला कधी नाही म्हटलेलं नाही, हे कबूल करायला हवं.

सिनेमा होता हो! चांगला सव्वा तासाचा होता. शनिवार-रविवार गाठून, राहुरीहून खळवाडीला स्कूटरवर हेलपाटे घालून मी तो काढला होता. कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल. ध्वनिमुद्रण म्हणजे माझी बायको लीना. जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्याला माईक बांधून तो तिने लोकांच्या डोक्यावर धरला आणि अधूनमधून “हात गेला माझा” असं म्हणत राहिली. तिचं ते वाक्य सिनेमात अजूनही दोन-तीन ठिकाणी ऐकू येतं. एकदा तर ते इतकं मोक्याच्या जागी आलंय, की ते मुद्दाम घातलंय असंच मी सगळ्यांना सांगतो.

आणि नायिका होत्या बनुबाई. वय सत्तरीच्या आसपास, आवाज विशीतला. कालव्याचं पाणी शेतांपर्यंत नेणाऱ्या ज्या चाऱ्या असतात, त्यातल्या सातव्या चारीच्या अगदी शेवटाला बनुबाईंची जमीन. दर हंगामात त्या माझ्या टेबलापाशी येत आणि तक्रार करत, की त्यांची पाळी आली की वरच्या अंगाला कुणीतरी दार उघडतं आणि पाणी खाली पोचतच नाही. पण ही तक्रार त्या सांगत नसत, करून दाखवत. त्या स्वतः बनुबाई व्हायच्या, पाणी चोरणारा व्हायच्या, चारीचं लोखंडी दार व्हायच्या, शेवटी पाणीही व्हायच्या आणि माझ्या टेबलापर्यंत येता येता आटायच्या. आमचा अख्खा सेक्शन हातातलं काम टाकून बघायचा. अशी नटी समोर चालून आलेली असताना तिच्याकडून फक्त अर्ज घ्यायचा, हे माझ्यातल्या कलावंताला पटेना.

तर सिनेमाची गोष्ट तीच. म्हातारी, चारी आणि पाणी चोरणारा माणूस. चोराचं नाव आम्ही कुठेही घेतलं नाही. नुसता एक लाल ट्रॅक्टर दाखवला. त्या गावात लाल ट्रॅक्टर एकच आहे, याची मला कल्पना नव्हती. बनुबाईंना होती.

सिनेमाचा पहिला खेळ झाला खळवाडीच्या सप्ताहात. सरपंच कानिफनाथ म्हणाले, “भाऊसाहेब, कीर्तन उरकलं की लावून टाकू. मंडप हाय, लाईट हाय, मानसं बसल्यालीच हायती.” मंडपाचं पांढरं कापड ताणून पडदा झाला. पडद्याच्या मागच्या बाजूला महाप्रसादाची आमटी रटरटत होती. आता खळवाडीत आमटी करायची म्हणजे बनुबाईंशिवाय पान हलत नाही. त्यामुळे ज्या वेळी बनुबाई पडद्यावर रडत होत्या, त्याच वेळी पडद्यामागे त्या लाल मिरचीची फोडणी घालत होत्या. दोन्हींचा परिणाम प्रेक्षकांवर एकदमच झाला. अख्खा मंडप डोळे पुसत होता. मी त्यातलं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं.

खेळ संपल्यावर मी मोठ्या उत्सुकतेने मागे गेलो. “कसा वाटला, मावशी?”

“काय कसा वाटला? मला पाठीमागनं दिसला,” बनुबाई म्हणाल्या. “समदी मानसं डावरी. आन् माझा शीन आला की कुनीतरी ‘मीठ कुठंय, मीठ कुठंय’ करीत बोंबलायचं. भाऊसाहेब, येकदा मला खुर्चीत बसून म्होरून बघायचाय. हातात पळी न घेता. बाकी काय नको.”

एवढंच मागितलं होतं त्या बाईने. ऊन-वारा न बघता काम केलं आणि मागितली एक खुर्ची. मी म्हटलं, दाखवतो. आमच्या खात्यात आश्वासनं पुष्कळ दिली जातात, पण हे मी खात्याबाहेर दिलेलं होतं, त्यामुळे ते पाळणं भाग होतं.

आणि नशीब बघा, नगरमध्ये एका कॉलेजने स्वतंत्र सिनेमांचा छोटासा महोत्सव भरवला आणि त्यात आमचा सिनेमा निवडला गेला! खऱ्या थिएटरात, खऱ्या पडद्यावर, उठलं की आपोआप मिटणाऱ्या खुर्च्यांसमोर. मी लगेच बनुबाईंना फोन केला. त्यांनी लगेच गावाला सांगितलं आणि ठेवणीतली साडी फॉल लावायला टाकली. निवडीच्या पत्राचा खालचा अर्धा भाग मी त्यानंतर वाचला. सिनेमाची त्या जगप्रसिद्ध साईटवर नोंद असल्याशिवाय वेळापत्रकात नाव घेता येणार नाही, नोंदीची लिंक महिनाअखेरपर्यंत पाठवावी. म्हणजे साईट नाही म्हणाली तर बनुबाईंची खुर्ची गेली.

मी साईटवर सगळी माहिती भरली आणि त्यावर ते सुरुवातीला सांगितलेलं गोड उत्तर आलं.

आमच्या शेजारी नारायणकाका राहतात. तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते फक्त कचेरीतून, हेडक्लार्कपणातून नाही. आमच्या दारावरून जाताना घरात कुणी उसासा टाकला तरी ते सल्ला द्यायला आत येतात. त्यांनी साईटचं पत्र चष्मा खालीवर करून वाचलं.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “मी जिवंत आहे यावर तरी सरकारचा कुठे विश्वास आहे? दर नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तसा सिनेमाचा द्यायचा.”

“काका, सिनेमाचा हयातीचा दाखला?”

“शिक्का बघितला की समोरचा माणूस निम्मा गार होतो. मग तो अमेरिकेतला का असेना.”

मी हसलो नाही, कारण मीसुद्धा शिक्क्यांवरच वाढलेला माणूस. खळवाडीला गेलो. ग्रामपंचायतीत सांगितलं, की आपल्या गावात हा सिनेमा निघाला आणि दाखवला गेला, असा दाखला हवा. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये दाखल्यांचे मजकूर ठरलेले होते. त्यात सिनेमा नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून रहिवासाचा मजकूर निघाला आणि नावाच्या जागी सिनेमाचं नाव टाकलं गेलं. “दाखला देण्यात येतो की, चारी नंबर सात हे मौजे खळवाडी येथील कायमचे रहिवासी असून त्यांची वर्तणूक चांगली आहे.”

हा दाखला इंग्रजी भाषांतरासह मी साईटला पाठवला. नारायणकाकांनी त्यावर ‘तातडीचे’ असं तांबड्या शाईने लिहून दिलं. साईटने आभार मानले. मग विचारलं, की चारी नंबर सात ही व्यक्ती असल्यास तिने नटांच्या विभागात नोंद करावी. शिवाय माहितीत मी अहमदनगर लिहिलं आहे आणि दाखल्यावर अहिल्यानगर आहे, तर ही व्यक्ती नक्की कोणत्या शहराची? मी दोन्ही एकच असल्याचं कळवलं. त्यांनी त्याचाही पुरावा मागितला.

“सिनेमाचं जाऊ दे,” लीना म्हणाली, “तुम्ही तर जिल्ह्यालाही गोत्यात आणलंत.”

शेवटी साईटने स्पष्ट सांगितलं. दाखले वगैरे नकोत. सिनेमा जाहीरपणे दाखवल्याची छापील बातमी द्या, नाहीतर ज्यावर सिनेमाचं नाव आहे असं पोस्टर द्या. हे ऐकून मी निश्चिंत झालो. दोन्ही गोष्टी झालेल्या होत्या! मंदिरासमोर हे भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं आणि आदिनाथ नावाच्या आमच्या वार्ताहराने पेपरात बातमीही दिली होती. दोन्ही मी नीट बघितली नव्हती, एवढंच.

फ्लेक्सचा फोटो मी कानिफनाथांकडून मागवला. मधोमध गॉगल घातलेले कानिफनाथ. त्यांच्या एका बाजूला उपसरपंच, दुसऱ्या बाजूला सोसायटीचे चेअरमन, खाली सदस्य, त्याखाली आजी-माजी, त्याखाली शुभेच्छुक, त्याखाली शुभेच्छुकांची मुलं. प्रत्येकाच्या खाली नाव, पद आणि मोबाईल नंबर. मी फोटो मोठा करून करून बघितला. सिनेमाचं नाव कुठेच दिसेना. कानिफनाथांना फोन केला.

“हाय की! खाली हाय. बांबूला गुंडाळल्यालं हाय बगा, तितं.”

“सिनेमाचं नाव बांबूला गुंडाळलं?”

“आता काहीतरी गुंडाळावंच लागतंय भाऊसाहेब. मानसाचं तोंड कसं गुंडाळायचं? आन् नाव कशाला लागतंय? सिनेमा हाय ते समद्यांला म्हाईत हुतं.”

आणि फ्लेक्स? ते सप्ताहानंतर कुणीतरी कांद्याच्या ढिगावर झाकायला टाकलं होतं आणि त्यावर आता दगड होते.

मग बातमी शोधली. ती होती. “खळवाडी येथे अखंड हरिनाम सप्ताहानिमित्त विविध कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडले. याप्रसंगी...” आणि इथून पुढे नावं सुरू झाली, ती थेट शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटी “आदी मान्यवर व महिला भगिनी बहुसंख्येने उपस्थित होत्या.” मी ती बातमी तीनदा वाचली, तेव्हा उलगडा झाला. माझा सिनेमा ‘विविध’मध्ये होता. मी ‘आदी’मध्ये होतो. आणि सिनेमाची नायिका बहुसंख्येने उपस्थित होती.

बाकी काही असो, मी खचलो. कारण हा एकट्या आदिनाथचा दोष नव्हता. आपल्याकडे कार्यक्रमाला कोण कोण आलं, याची नोंद दगडात कोरून ठेवतात. कार्यक्रम कसला होता, ते कुणी विचारत नाही. आमच्या ऑफिसच्या दारात एक कोनशिला आहे. तिच्यावर इतकी नावं आहेत, की कशाचं उद्घाटन झालं ते लिहायला जागाच उरलेली नाही. मी तिथे निम्मी नोकरी घालवली, पण ते उद्घाटन इमारतीचं होतं की समोरच्या हापशाचं, हे मला अजून ठाऊक नाही. तरीही मी ती बातमी साईटला पाठवून बघितली. त्यांनी विचारलं, यातले दिग्दर्शक कोणते? प्रामाणिकपणा नडला. मी म्हटलं, यातले कुणीच नाहीत.

तो पेपर बरेच दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. एकदा लीना त्यावर मेथी निवडत बसली होती. निवडता निवडता थांबली.

“हे वाचलंत?” तिने माझ्या बातमीच्या शेजारच्या बातमीवर बोट ठेवलं. कुठल्याशा गावात दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी मोर्चा काढला होता. दुकानाचं नाव, मालकाचं पूर्ण नाव, कोणत्या रस्त्याला, कोणत्या वळणावर, किती वाजता उघडतं, सगळं बिनचूक. ती बातमी वाचून तहानलेला माणूस न चुकता दुकानात पोचला असता. “आपल्याकडे कौतुक झालं की तुमचं नाव जातं,” लीना म्हणाली. “निषेध झाला की बरोबर येतं.”

मी चपला घालून तडक आदिनाथकडे गेलो. त्याने मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. “वहिनी बरोबर बोलल्या,” तो म्हणाला. “साहेब, कौतुकाच्या बातमीत मानसांनाच जागा पुरत न्हाई. एक नाव ऱ्हायलं तर दुसऱ्या दिवशी भांडन. विरोधाच्या बातमीत तसं नसतंय. संपादक पयलं इचारतो, कशाच्या विरोधात? मग ते नीट लिव्हावंच लागतंय. तुमच्या सिनेमाला कोन विरोध करतंय का बगा. तीन कॉलम देतो.”

आता विरोधक कुठून आणायचा? पण खळवाडीत त्याची ददात नव्हती. रंगनाथराव हे त्या गावाचे कायमस्वरूपी हरकतदार. त्यांनी रस्त्याला हरकत घेतली होती, मग रस्त्याच्या दुरुस्तीला घेतली होती आणि सध्या दुरुस्ती रखडली म्हणून घेतली होती. सप्ताहाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो चौथ्या ओळीत छापल्यामुळे ते त्या संध्याकाळी फिरकलेच नव्हते. म्हणजे सिनेमा त्यांनी पाहिलेला नव्हता. विरोध करण्यासाठी याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. वस्तीवर त्यांच्या अंगणात तो लाल ट्रॅक्टर उभा होता. मी तिकडे पाठ करून बसलो.

“रंगनाथराव, एक विनंती होती. माझ्या सिनेमाला जरा विरोध करता का?”

“का बरं? लोक तर लई भारी हाय म्हनत्यात.”

“म्हणूनच तर.”

“न्हाई न्हाई, भाऊसाहेब.” रंगनाथरावांनी दोन्ही कानांना हात लावले. “आपला विरोध आतून येतो. कुनी सांगितला म्हनून न्हाई येत. उद्या लोक म्हनतील, रंगनाथ सांगून उपास करतो. इज्जतीचा सवाल हाय. तुमी तर आमच्या गावाचं नाव काढलं. आगं, नारळ आन गं!”

आणि त्यांनी माझा सत्कार केला. खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, शेजारपाजारची माणसं बोलावून फोटो काढला. जन्मभर जगाला विरोध करणाऱ्या माणसाने ऐन वेळी माझं कौतुक करावं, हा अपमान मी कसा गिळला ते माझं मला माहीत. महिनाअखेर जवळ आली होती.

परतताना चारीच्या कडेला बनुबाई गवत कापत होत्या. अंगावर शाल, हातात नारळ आणि चेहरा उतरलेला, असा मी. त्यांनी विळा खाली ठेवला. “कुनाच्या दहाव्याला गेल्ता का भाऊसाहेब?”

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. साईट, दाखला, बांबू, ‘आदी’ आणि रंगनाथरावांचं आतून येणं. आणि विरोध झाला नाही तर तुमचं थिएटर काही जमत नाही, हेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही. बनुबाईंनी एकच विचारलं.

“त्यातला चोर कोन हाय, ते सांगितलं का त्याला?”

“छे हो! कसं सांगणार?”

“मंग मी सांगती,” बनुबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. बनुबाईंनी पिठाच्या गिरणीपाशी, भर गर्दीत, दळणाच्या डब्यांसमोर रंगनाथरावांना गाठलं आणि तिथल्या तिथे पूर्ण सिनेमा करून दाखवला. म्हातारी झाल्या, दार झाल्या, पाणी झाल्या आणि शेवटी ट्रॅक्टर झाल्या. “आन् ह्यो ट्रॅक्टर कसल्या रंगाचा, सांगा बरं समद्यांनी?” गिरणी बंद पडल्यासारखी शांतता झाली म्हणे. मग कुणीतरी हळूच म्हणालं, “लाल.” आणि रंगनाथरावांचा विरोध आतून आला.

तो मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच आत साठलेला होता. मला वाटलं, एखादं निवेदन देतील. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पोचलो, तर फाटकातच सतरंजी अंथरून रंगनाथराव उपोषणाला बसलेले. मागे बॅनर. “पाटबंधारे खात्यातील कर्मचारी सुश्रुत पुराणिक दिग्दर्शित ‘चारी नंबर सात’ या बदनामीकारक चित्रपटाचा जाहीर निषेध!” माझं नाव, सिनेमाचं नाव, सगळं ठळक. बांबू बाजूला, मजकूर मोकळा. इतक्या मोठ्या अक्षरांत माझं नाव कधी लिहिलं गेलं नव्हतं. मी मोबाईल काढून लपतछपत फोटो घेतला आणि आनंद दिसू नये म्हणून मान खाली घालून आत शिरलो. दारातला शिपाई रामहरी हळहळला. “लाजू नका साहेब. होतं असं मोठ्या मानसांचं.”

आमच्या अधिकारी प्रणिता मॅडम नव्याने बदलून आलेल्या. त्यांनी खिडकीतून बॅनर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. “हे पुराणिक तुम्हीच का?”

“हो, मॅडम.”

“उपोषण मागे घेण्याची विनंती करायची आहे. आंदोलनाचं टेबल कुणाकडे आहे?”

“माझ्याकडेच आहे, मॅडम.”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. “मग करा पत्र तयार.”

अशा रीतीने माझ्यावर कारवाई करण्याचं लेखी आश्वासन मी स्वतः टाईप केलं. “सदर कर्मचाऱ्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.” शब्द नेहमीचे, पण या खेपेला बोटं जरा जड झाली. बाहेर जाऊन ते रंगनाथरावांना वाचून दाखवलं. ते उन्हात बसून तापले होते.

“‘योग्य ती’ नको. तुमचं ‘योग्य ती’ लई वर्षं बगतोय. ‘कठोर’ लिव्हा.”

मी आत जाऊन कठोर केलं.

“आन् दिग्दर्शकाच्या आदी ‘तथाकथित’ लिव्हा.”

इथे मात्र माझा स्वाभिमान उसळून आला. “रंगनाथराव, कठोर म्हणा, निर्लज्ज म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण तथाकथित नको. दिग्दर्शक मी आहे. त्यासाठीच तर हे सगळं चाललंय!”

“मला शिकवू नका. माझी सासुरवाडी पुनतांब्याची हाय, शेतकऱ्यांचा संप तितनंच उठला. आंदोलनाचं आमाला समदं कळतं.”

शेवटी मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “रंगनाथराव, तुम्ही सिनेमा पाहिलात का?” रंगनाथरावांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “दावला तर बगू. पन आमच्या मानसांसकट. आन् बदनामी निघाली, तर तितंच घोषना देनार.” मॅडम म्हणाल्या, रास्त आहे. रामहरीने लिंबूसरबत आणलं, मॅडमनी ग्लास रंगनाथरावांच्या हाती दिला, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. संध्याकाळी माझ्याकडून खुलासा मागणारं पत्र निघालं. तेही मीच टाईप केलं, मीच रवाना केलं आणि मीच माझ्या सहीने घेतलं.

आदिनाथने शब्द पाळला. तीन कॉलम! सिनेमाचं नाव मथळ्यातच. दिग्दर्शक अमुक, प्रमुख भूमिकेत बनुबाई, भाषा मराठी, सप्ताहात मंदिरासमोर दाखवला, सव्वा तास चालतो. “चित्रपटाच्या ध्वनिमुद्रक लीना पुराणिक यांचाही निषेध करण्यात आला,” हे वाचून लीना इतकी हरखली, की तिने ते कात्रण फ्रिजवर लावलं. उपस्थितांची नावं कुठेच नव्हती. ज्याला ज्याला सिनेमाबद्दल काही माहिती हवी असेल, त्याने ती बातमी वाचावी. साईटनेही वाचली. त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी ‘चारी नंबर सात’ हा सिनेमा जगात अवतरला. मी लिंक महोत्सवाला पाठवली. नारायणकाका म्हणाले, “बघितलंस? दाखल्याने काम केलं.” मी मान डोलावली. त्यांना नोव्हेंबरपर्यंत आनंदात राहू दे.

महोत्सवाच्या दुपारी खळवाडीहून एकच टेम्पो निघाला. गावात त्या दिवशी रिकामा एवढाच होता. त्यामुळे नायिका, सरपंच आणि निषेध करणारे असे सगळे एकाच टेम्पोतून आले. निषेधाचा बॅनर बनुबाईंनी बसायला घेतला होता.

थिएटरात त्यांनी पहिल्यांदा खुर्चीची परीक्षा घेतली. उठल्या, खुर्ची मिटली. बसल्या, उघडली. असं दोन-चारदा करून खात्री पटल्यावर त्या मांडीवर हात ठेवून बसल्या. शेजारची खुर्ची रंगनाथरावांनी धरली, घोषणा द्यायला पडदा जवळ हवा म्हणून. मी आणि लीना त्यांच्या मागच्या रांगेत. दिवे गेले.

मी सिनेमा पाहिलाच नाही. मी बनुबाईंकडेच बघत होतो. पडद्यावरच्या उजेडात त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्या हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. आपल्या ओळखीच्या कुणा बाईची हकीकत प्रथमच नीट कळावी, तशा बघत होत्या. मग लाल ट्रॅक्टर आला. रंगनाथराव सरसावून बसले. पडद्यावर दार उघडलं गेलं, पाणी वळलं आणि खाली म्हातारी कोरड्या चारीत उतरून, हाताने माती उकरून, ओल लागते का बघू लागली. लीनाचा आवाज त्या ठिकाणी नव्हता, नशीब.

घोषणा येईना. मी वाट बघत होतो. पडद्यावरची म्हातारी माती उकरतच होती. बऱ्याच वेळाने रंगनाथरावांनी घसा खाकरला, बनुबाईंकडे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बनुमावशी, औंदा तुमचं रान भरल्याबिगर मी दाराला हात लावनार न्हाई. शप्पथ.”

जे आमच्या खात्याला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते झालं होतं आणि मी साक्षीदार होतो. माझे डोळे भरून आले. लीनाने माझा हात घट्ट धरला. आता बनुबाई काय म्हणतात, म्हणून आम्ही दोघं पुढे झुकलो.

बनुबाईंनी पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाही.

“गप रे रंगनाथ,” त्या म्हणाल्या. “माझा शीन चाललाय.”